लव्ह आणि लोभ : प्रस्तावना

इंग्रजीतल्या एकाच शब्दावर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणीही विचारेल. त्यातून शब्दही असा, की ज्याचा अर्थ पाहायला कुणी कोश उघडत नाही. शाळेच्या बाकांवर करकटकाने तो कोरलेला असतो, रिक्षाच्या पाठीवर रंगवलेला असतो, आणि गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बाण घुसलेल्या बदामाशेजारी तो दिसला की आपला संताप होतो. ‘लव्ह’ हा शब्द इंग्रजीचं एक वाक्य धड न बोलता येणाऱ्यालाही येतो. सगळ्यांना येणारा शब्द सहसा कुणी नीट पाहिलेला नसतो, म्हणून मुद्दाम हाच निवडला.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : मूळ, अर्थ आणि यमक. म्हणणं मात्र एकच आहे. शब्दाचं मूळ सापडलं की त्याचा ‘खरा अर्थ’ सापडला, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. व्याख्यानात वक्ता शब्दाचा धातू सांगतो, श्रोते माना डोलावतात आणि वाद तिथेच मिटतो. कृ. पां. कुलकर्णी यांच्या 1946 सालच्या मराठी व्युत्पत्ति कोशावर माझं प्रेम आहे. पण व्युत्पत्ती फक्त शब्द कुठून निघाला ते सांगते. तो आज कुठे राहतो हे सांगण्याचा अधिकार त्याला रोज वापरणाऱ्या माणसांचा. ‘लव्ह’ची गोष्ट हे इतकं स्वच्छ दाखवते, की दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

आधी मुळाकडे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, हा शब्द ‘लुफु’ असा होता आणि क्रियापद होतं ‘लुफियन’. लिहायचे ‘फ’, पण दोन स्वरांच्या मध्ये आला की त्याचा उच्चार ‘व्ह’ होई. जर्मनमधला ‘लीब’, रशियनमधला ‘ल्युबोव्ह’ आणि लॅटिनमधला ‘लिबिडो’ हे याचेच नातेवाईक. आणि संस्कृतात? संस्कृतात आहे ‘लुभ्’. लोभ, लुब्ध, प्रलोभन, विलोभनीय, लोभस हे सगळे त्याच धातूचे. म्हणजे इंग्रजांचं ‘लव्ह’ आणि आपला ‘लोभ’ एका घराण्यातले निघाले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण याच जागी आपली गाडी हमखास रुळावरून घसरते. ‘म्हणजे लव्ह हा शब्द आपल्या संस्कृतातूनच गेला!’ असा निष्कर्ष काढून मोबाइलवर तो शंभर जणांना पाठवणारी मंडळी प्रत्येक सोसायटीत आहेत. तसं झालेलं नाही. 1786 साली कोलकात्याला एशियाटिक सोसायटीसमोर विल्यम जोन्स यांनी मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असणं शक्य नाही. या भाषा एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ कदाचित आज उरलेलंही नसेल. पुढच्या शतकात या विचाराचं शास्त्र झालं. ‘लव्ह’ आणि ‘लोभ’ या चुलत बहिणी आहेत. एक दुसरीची आई नव्हे. दोघींची आजी एक, आणि ती कुठल्याच पोथीत लिहिलेली नाही.

हे नातं निव्वळ कानाला सारखं लागतं म्हणून ठरवलेलं नाही, त्यामागे नियम आहे. संस्कृतातला ‘भ’ शब्दाच्या सुरुवातीला असेल तर इंग्रजीत ‘ब’ होऊन येतो : भ्रातृ आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ. तोच ‘भ’ शब्दाच्या पोटात असेल तर इंग्रजीत ‘व्ह’ होतो आणि जर्मनमध्ये ‘ब’ राहतो. आपली नाभी, इंग्रजांची ‘नेव्हल’, जर्मनांची ‘नाबेल’. त्याच चालीवर लुभ्, लव्ह, लीब. नियम एकदा हाती आला की खरी नाती ओळखता येतात आणि खोटी बाजूला काढता येतात. मराठीतलं ‘लव’ पाहा. अंगावरची बारीक लव, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, किंवा रामाचा लव. यांतल्या कशाचाही ‘लव्ह’शी संबंध नाही. ते फक्त सारखे दिसतात. आणि तसे दिसू नयेत म्हणूनच की काय, मराठीने इंग्रजी उच्चारासाठी ‘व्ह’ हे जोडाक्षर वापरात आणलं. हिंदीवाले ‘लव’ लिहून मोकळे होतात. आपण ‘लव्ह’ लिहितो, जसं ‘व्हॅन’ आणि ‘व्हिडिओ’ लिहितो, आणि त्यामुळे लव-कुशांवर भलता प्रसंग येत नाही.

घराण्यातली बाकीची माणसं तर अशा ठिकाणी भेटतात, की ओळख पटू नये. इंग्रजीतलं ‘बिलीव्ह’, म्हणजे विश्वास ठेवणं, हे याच मुळाचं. जे प्रिय मानलं, त्यावर विश्वास ठेवला. ऑफिसात आपण जी ‘लीव्ह’ टाकतो, तीही याच मुळाची : आधी मर्जी, मग परवानगी, मग परवानगीने मिळालेली सुट्टी. (सोडून जाणं या अर्थाचं ‘लीव्ह’ निराळं, त्याचं मूळ वेगळं आहे.) जर्मन माणूस सुट्टीला ‘उरलाउब’ म्हणतो, तेही इथलंच. डच भाषेत परवानगीला ‘फरलोफ’ म्हणत. तो शब्द सैनिकांच्या रजेसाठी इंग्रजीत ‘फर्लो’ होऊन आला आणि तिथून आपल्याकडे. मराठी वर्तमानपत्रात ‘कैदी फर्लोवर बाहेर आला’ अशी बातमी असते. महाराष्ट्राच्या कारागृहांत या फर्लोला ‘संचित रजा’ म्हणतात आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’. तुरुंगातून चार दिवस घरी आलेल्या माणसाची रजा आणि प्रेमपत्रातला ‘लव्ह’ एकाच रक्ताचे आहेत, हे ना त्या कैद्याला माहीत असतं, ना जेलरला. आणि माहीत नसल्याने कुणाचं काही अडत नाही. मुळाची किंमत एवढीच आहे : ते कळलं तर आनंद होतो, न कळलं तर भाषा थांबत नाही.

आता लुभ् धातूकडे पुन्हा बघू. पाणिनीय धातुपाठात तो दोन गणांत येतो. एकात अर्थ हावरेपणाचा, दुसऱ्यात गोंधळून जाण्याचा, मोह पडण्याचा. पुढे लोभाला षड्रिपूंत बसवलं, आणि काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही माळ आपण लहानपणीच पाठ केली. म्हणजे एका आजीच्या दोन नाती : एक युरोपात गेली तिचं प्रेम झालं, एक इथे राहिली ती शत्रूंच्या यादीत गेली. गोष्ट इथेच संपली असती, तर ‘पाश्चात्त्य वृत्ती आणि भारतीय वृत्ती’ असा एखादा भारदस्त लेख पाडता आला असता. पण मराठीने तो डाव उधळला. मराठी माणूस कुणाला हावरट म्हणायचं तर ‘लोभी’ म्हणतो, आणि तोच माणूस पत्र लिहायला बसला की शेवटी लिहितो, ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.’ गोड चेहऱ्याच्या बाळाला आपण ‘लोभस’ म्हणतो. त्यात हाव कुठेही नाही. संस्कृतातून आलेला शत्रू मराठीने घरात घेतला आणि त्याला माणसात आणलं.

एकच उदाहरण असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. ‘हौस’ घ्या. अरबी-फारसीतून आलेला ‘हवस’ हा शब्द हिंदीत आजही वासनेच्या अर्थाने वावरतो. मराठीत त्याची ‘हौस’ झाली. आता ती डोहाळजेवणात असते, सणावारात असते, नाटकात असते, आणि तिला मोल नसतं. आपण ज्याला ‘हौशी रंगभूमी’ म्हणतो तिला इंग्रजीत ‘अमॅच्युअर’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे प्रेम करणारा. दोन भाषांनी दोन निराळ्या वाटांनी एकच गोष्ट सांगितली, की पैशासाठी न करता आवडीने करतो तो हौशी. शब्दाच्या मुळात वासना होती की प्रेम, यावाचून हौशी नटाचं काहीच अडलं नाही.

दुसरा भाग अर्थांचा. इथे पसारा मोठा आहे, म्हणून प्रस्तावनेत नमुन्यादाखल चारच ठिकाणं दाखवतो.

पहिलं ठिकाण चर्चचं. 1526 साली विल्यम टिंडल यांनी नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं. ग्रीकमधल्या ‘अगापे’ या शब्दाला चर्चच्या परंपरेत लॅटिन ‘कारितास’वरून आलेला ‘चॅरिटी’ हा शब्द रूढ होता. टिंडल यांनी तिथे साधा, घरचा ‘लव्ह’ घातला. थॉमस मोर खवळले. त्यांचं म्हणणं, लव्ह म्हणजे तर कसलंही प्रेम, बरं-वाईट काहीही. पवित्र प्रेमाला हा शब्द कसा चालेल? वाद शब्दाचा दिसतो, पण आत प्रश्न होता तो धर्मग्रंथ कुणाच्या भाषेत बोलणार याचा. टिंडल यांना 1536 साली मृत्युदंड झाला. 1611 च्या राजमान्य बायबलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘चॅरिटी’च ठेवला. 1881 च्या सुधारित आवृत्तीत तिथे पुन्हा ‘लव्ह’ आला. साडेतीनशे वर्षं लागली, पण घरचा शब्द जिंकला. ‘चॅरिटी’ दरम्यान घसरत घसरत दानधर्मापुरता उरला. आपल्याकडे तर तो धर्मादाय आयुक्तांच्या पाटीवर जाऊन बसला. मराठी बायबलने याच अध्यायात ‘प्रीती’ हा शब्द घेतला आहे, आणि तो कानाला फार बरा लागतो.

दुसरं ठिकाण कादंबरीचं. जेन ऑस्टिनची ‘एमा’ 1815 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यात बंद घोडागाडीत एल्टन हे पाद्रीबुवा नायिकेशी ‘मेकिंग लव्ह’ करू लागतात, तेही जोरजोरात. हे वाक्य वर्गात आलं की आजची मुलं खाली मान घालून हसतात. बिचारे एल्टन फक्त लग्नाची मागणी घालत असतात. त्या काळी या शब्दप्रयोगाचा अर्थ होता प्रणयाराधन : गोड बोलणं, स्तुती करणं, मनधरणी करणं. शरीरसंबंधाचा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला, आणि असा चिकटला की जुना अर्थ तळटीप दिल्याशिवाय कळेनासा झाला. अर्थ बदलायला ना सरकारी आदेश निघाला, ना कुणी सभा भरवली.

तिसरं ठिकाण खेळाचं. टेनिसमध्ये शून्याला ‘लव्ह’ का म्हणतात? सगळ्यांना आवडणारी कथा अशी की फ्रेंचमध्ये अंड्याला ‘लफ’सारखा शब्द आहे, शून्य अंड्यासारखं दिसतं, इंग्रजांनी तो शब्द मोडून ‘लव्ह’ केला. कथा रंगतदार आहे, आणि क्रिकेटमधला ‘डक’ खरोखरच बदकाच्या अंड्यावरून आलेला असल्यामुळे ती पटकन पटतेही. (आपण त्याच जागी भोपळा ठेवला, एवढाच फरक.) पण फ्रेंच माणूस टेनिसचे गुण सांगताना अंड्याचं नाव घेत नाही, सरळ ‘झेरो’ म्हणतो, आणि या कथेला जुन्या लेखनात आधार सापडत नाही. कोशकारांना पटणारं स्पष्टीकरण साधं आहे. पैसे न लावता खेळणं म्हणजे ‘फॉर लव्ह’ खेळणं. निव्वळ आवडीखातर, म्हणजे काहीही पदरात न पाडता. ‘काही नाही’ हा अर्थ त्यातून निघाला, अठराव्या शतकात पत्त्यांच्या डावात तो चालू होता, आणि लॉन टेनिसचा जन्म त्यानंतरचा. बॅडमिंटनचा पंच आजही ‘लव्ह ऑल’ म्हणून सामना सुरू करतो. हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांमुळे एके काळी ‘पूना’ या नावाने ओळखला जाई, तेव्हा पुणेकरांनी या शून्यात थोडा वाटा मागायला हरकत नाही.

चौथं ठिकाण आपलं स्वतःचं. ‘लव्ह मॅरेज’ ही जोडी आपल्या देशात जेवढी चालते, तेवढी इंग्लंडात चालत नाही. तिकडे लग्न म्हटलं की प्रेम गृहीतच असतं, वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘लव्ह की अरेंज्ड?’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवात पहिल्या पंगतीला विचारला जातो. इथे ‘लव्ह’चा अर्थ भावनेचा राहत नाही, तो लग्न ठरण्याच्या पद्धतीचा होतो. स्थळ कुणी आणलं, पत्रिका पाहिली का, जात कोणती, घरचे कबूल होते का, एवढे प्रश्न त्या एका शब्दात दडलेले असतात. हा अर्थ इथल्या घराघरात घडला, आणि तो इतर कुठल्याही अर्थाइतकाच खरा आहे. याउलट यॉर्कशरमधली दुकानदारीण सुटे पैसे परत करताना अनोळखी गिऱ्हाइकाला ‘लव्ह’ म्हणते. त्यात प्रेम शोधायला जाऊ नये. आपल्याकडची भाजीवाली ‘घे ग बाई’ म्हणते, तेवढाच तो जिव्हाळा.

तिसरा भाग यमकांचा, आणि खरं सांगायचं तर हे पुस्तक लिहिण्याची खाज तिथूनच सुटली. ज्या शब्दावर इंग्रजीत सर्वांत जास्त कविता आणि गाणी झाली असतील, त्या शब्दाला यमकं मिळतात ती बोटांवर मोजण्याइतकी. अबव्ह, डव्ह, ग्लव्ह, शव्ह. म्हणजे वर, पारवा, हातमोजा आणि ढकलणं. एवढ्या सामानात प्रेमकविता करायची. म्हणूनच इंग्रजी गाण्यांत प्रेमाची चाहूल लागली की आकाशातून काहीतरी उतरतं किंवा पारवे उडतात. भावनेची ती गरज नसते, यमकाची असते.

मग लिहून दाखवताना ‘लव्ह’सारखी दिसणारी ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’, ‘ग्रोव्ह’ ही मंडळी कवींनी कामाला लावली. स्पेलिंगची शेवटची तीन अक्षरं तीच, उच्चार तीन तऱ्हांचे. याला डोळ्यांचं यमक म्हणतात. पण ही नेहमीच पळवाट होती असंही नाही. शेक्सपियरची सुनीतं 1609 साली छापली गेली. त्यांतल्या 116 व्या सुनीताचा शेवटच ‘प्रूव्हड’ आणि ‘लव्हड’ या जोडीवर होतो. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांचं म्हणणं असं, की त्या काळी ‘प्रूव्ह’चा स्वर आजच्यासारखा लांबवत नसत, दोन्ही शब्द कानाला जुळत. 2004 साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात त्यांच्या मदतीने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे प्रयोग त्या काळच्या उच्चारांत झाले. आज जे डोळ्यांचं यमक वाटतं, ते चारशे वर्षांपूर्वी कानांचं असू शकतं. उच्चार पुढे निघून गेले, स्पेलिंग मागे राहिलं.

स्पेलिंगमधला ‘ओ’ हाही एक किस्साच आहे. जुन्या इंग्रजीत तिथे ‘यू’ होता. मध्ययुगातले लेखनिक आय, एन, एम, यू आणि व्ही ही अक्षरं सारख्याच छोट्या उभ्या दांड्यांनी काढत, आणि ‘यू’ व ‘व्ही’ ही तेव्हा वेगळी अक्षरं नव्हतीच. अशा दांड्या लागोपाठ आल्या की वाचणाऱ्याचे डोळे फिरत. म्हणून अशा जागी ‘यू’ऐवजी गोल ‘ओ’ लिहायची चाल पडली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ‘सन’, म्हणजे मुलगा, ‘कम’ आणि ‘वंडर’ यांच्यातही तोच ‘ओ’ आहे. म्हणजे पाचवीतलं पोर ‘लव्हमध्ये ओ कशाला?’ असं विचारतं तेव्हा प्रश्न अगदी बरोबर असतो. उत्तर कुठल्याशा लेखनिकाच्या बोरूत आहे, पण वर्गात बहुतेक वेळा ‘पाठ कर’ एवढंच मिळतं.

इंग्रजांची यमकांची तंगी पाहून आपण हसावं, अशी मात्र सोय नाही. ‘प्रेम’ला तरी मराठीत किती यमकं आहेत? नेम, क्षेम, हेम. गाडी लगेच अडते. मराठी कवी सुटतो तो विभक्तीमुळे. ‘प्रेमाने’ म्हटलं की नेमाने, रामाने, कामाने असा दरवाजा उघडतो. मोरोपंतांसारख्याच्या आर्यांत यमकांचा जो सुकाळ दिसतो त्याला व्याकरणाचीही साथ आहे. इंग्रजीने बहुतेक विभक्ती कधीच टाकून दिल्या, तेव्हा ही वाट तिला बंद. आणि मंगेश पाडगावकरांनी आपल्या गाजलेल्या कवितेत ‘प्रेम’शी जुळवला तो ‘सेम’ हा इंग्रजी शब्द. महाराष्ट्रभर लोकांनी तो इतका आपलासा केला की उसना आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. यमक जुळलं ते व्युत्पत्तीला न विचारताच.

पुस्तक कसं वाचावं, याविषयी थोडं. तिन्ही भाग स्वतंत्र आहेत. कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. यमकांचा भाग मात्र मोठ्याने वाचावा. इंग्रजी यमक डोळ्यांनी पाहणाऱ्याला हमखास चकवतं. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे : वर्गात स्पेलिंगबद्दल विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. त्याच्या प्रश्नात भाषेचा इतिहास असतो, आणि तो सांगायला पाच मिनिटं पुरतात.

आणि वाचकांना सांगणं असं, की हा खेळ इंग्रजीपुरता ठेवू नका. मराठीतला ‘माया’ घ्या. वेदान्त्याची माया म्हणजे भ्रम, मावशीची माया म्हणजे जीव, शिंप्याची माया म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, आणि लाचखोराची माया म्हणजे दडवलेला पैसा. चारही अर्थ रोजच्या बोलण्यात आहेत, एकही खोटा नाही, आणि कुठला कधी घ्यायचा हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. कोशात हे चारही अर्थ एकाखाली एक दिसतील. त्यांच्यातला ‘खरा’ कोणता, हे मात्र कोशाला विचारू नका.